साथ आली हे देशाला सगळ्यात आधी कोण सांगतं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आहे, आज लिहायला बसले.

एप्रिल २०२१ मध्ये माझे बाबा गेले. आमचं गाव निफाड तालुक्यात. गावात एक डॉक्टर आहेत, चाळीसेक वर्षं तोच दवाखाना, तेच बाकडं. बाबांचा त्यांच्याकडे रोजचा चहा. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा बाबा घरी येऊन म्हणाले, "डॉक्टर म्हणतायत यंदाचा ताप वेगळा आहे. गेल्या वर्षी घरातला एक पडायचा, आता अख्खं घर एकदम पडतंय." आम्ही ऐकलं आणि कांद्याच्या काढणीला लागलो. मार्च संपता संपता गल्लीगल्लीत माणसं आजारी. एप्रिलमध्ये बाबांना गाडीत मागे आडवं करून रात्रभर ऑक्सिजनचा बेड शोधत फिरलो. पहाटे मिळाला. दोन दिवसांनी ते गेले.

मला दोष कोणाला द्यायचा नाही. प्रश्न एवढाच आहे. आमच्या डॉक्टरांना फेब्रुवारीत जे दिसलं ते देशाला कधी कळलं? मधे कोण कोण असतं? टीव्हीवर आयसीएमआर, एनसीडीसी, एनआयव्ही ही नावं रोज ऐकली, पण कोणाचं काम काय हे आजही नीट माहीत नाही. पुढच्या वेळी आमच्या डॉक्टरांचं ते वाक्य कोणाच्या तरी वहीत उतरावं असं मनापासून वाटतं. जाणकारांनी लिहावं.

कडुलिंब

वाचून गलबलून आलं ताई. आमच्या घरातही तोच महिना. वाचतेय.

पाषाणकर

ताई, आधी नावांचा गुंता सोडवू या.

साथीवर नजर ठेवणं हे काम एनसीडीसीचं, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं. मूळची मलेरिया इन्स्टिट्यूट, १९६३ मध्ये तिची संसर्गजन्य रोगांची संस्था झाली आणि २००९ मध्ये आजचं नाव मिळालं. आयसीएमआर ही संशोधनाची संस्था, १९११ पासूनची. चाचणी कोणती करायची, कोणती प्रयोगशाळा मान्य, लस किती काम करते, हे तिच्याकडे. आणि आमच्या पुण्यातली एनआयव्ही ही आयसीएमआरचीच विषाणूंची संस्था, १९५२ मध्ये सुरू झालेली. जानेवारी २०२० मध्ये कोरोनाची खात्रीची चाचणी देशात फक्त इथे होत होती. केरळमधल्या पहिल्या रुग्णाचा नमुना पुण्यातच तपासला गेला, ३० जानेवारीला बातमी आली. पुढे चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा तीन हजारांवर गेल्या. एका प्रयोगशाळेपासून इथवर येणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती करणाऱ्यांनी महिनोन्‌महिने घर पाहिलेलं नाही.

आता खरी मेख. राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू नये एवढं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हातात आहे. त्यामुळे दिल्ली सल्ला देते, पथक पाठवते, नियमावली काढते. दारात येतो तो राज्याचा, जिल्हा परिषदेचा नाहीतर महापालिकेचा माणूस. २०२० ची टाळेबंदी मात्र २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लागली, म्हणून तेव्हा आदेश गृह मंत्रालयाचे असायचे.

निळी_छत्री

माहिती छान, पण एक खटकतं. नजर ठेवण्याचं काम एनसीडीसीचं असेल तर त्या दोन वर्षांत रोज समोर आयसीएमआर का होती? संशोधन करणाऱ्यांनीच नियम काढायचे, त्यांनीच चाचण्या मोजायच्या आणि त्यांनीच लोकांना समजावायचं. साथ ओळखणाऱ्या संस्थेचा आवाज मला तरी कधी ऐकू आला नाही. यंत्रणा असून ती पुढे नसेल तर सामान्य माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा?

पाषाणकर

@निळी_छत्री, मुद्दा मान्य. एनसीडीसी आरोग्य मंत्रालयाच्या हाताखालचं कार्यालय आहे, स्वतंत्रपणे बोलायची मुभा आणि मनुष्यबळ दोन्ही कमी. माझंही मत हेच, की पुढच्या साथीत रोजचा आकडा आणि रोजचं स्पष्टीकरण त्याच संस्थेने द्यावं.

डॉ_तालुका

तालुका आरोग्य अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो फार नेमका आहे.

नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन फॉर्म. उपकेंद्राची एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी परिचारिका, भरते तो 'एस', त्यात फक्त लक्षणं: ताप, ताप आणि पुरळ, खोकला, जुलाब, कावीळ. प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी भरतो तो 'पी', म्हणजे डॉक्टरचा संशय. प्रयोगशाळेचा तो 'एल'. हे दर आठवड्याला जिल्ह्यात यायचे, तिथे जिल्हा सर्वेक्षण अधिकारी बसतो, तिथून राज्य, मग दिल्ली. २०२१ पासून हे सगळं नव्या पोर्टलवर गेलं आणि रोजच्या रोज भरायचं ठरलं. आकडा नेहमीपेक्षा वर गेला की तालुक्याचं शीघ्र प्रतिसाद पथक गावात जातं. पाण्याचे नमुने, रक्ताचे नमुने, घरोघर तपासणी. दूषित पाण्याच्या किती साथी अशा गावातच थांबल्या याची कोणी बातमी करत नाही, पण मी स्वतः थांबलेल्या पाहिल्या आहेत.

आता भोक कुठे आहे ते सांगतो. तुमच्या गावचे डॉक्टर खाजगी. ताप आला की आपला माणूस आधी खाजगी दवाखान्यात जातो, आणि तिथला ताप कुठल्याच फॉर्मवर येत नाही. मी दर महिन्याच्या बैठकीत तालुक्यातल्या डॉक्टरांना हात जोडून सांगायचो, "आठवड्याला चार आकडे द्या." दोघेतिघे द्यायचे. बाकीच्यांचा उत्तरादाखल प्रश्न असायचा, "देऊन काय होतं? परत कोणी विचारत नाही." ते बरोबर होते. आकडा घेणारा परत फोन करत नसेल तर देणारा थकतो. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी सल हीच आहे.

उपकेंद्र

डॉक्टरसाहेब, तुम्ही 'एस' फॉर्मचं लिहिलंत, बरं वाटलं. मी बावीस वर्षं एएनएम आहे. पूर्वी कागद असायचा, आता मोबाइलवर भरायचं. रेंज येत नाही म्हणून आम्ही दोघी जणी टाकीच्या पायऱ्या चढून वर जाऊन माहिती पाठवायचो.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं तेव्हाचं सांगते. घरोघर तापमान आणि ऑक्सिजन बघायचा. निंदणीवरून आलेल्या बायकांची बोटं ओली आणि गार, मशीन आकडाच दाखवेना. मग मी त्यांचे हात माझ्या हातात घेऊन चोळायची, पदराने पुसायची, परत लावायची. एका आजीचं असं तीनदा केलं, तिसऱ्यांदा ८६ आलं. आजी हसून बोलत होती, चुलीवर भाकरी चालू होती. धाप नाही, काही नाही. त्याच दुपारी हलवलं. पंधरा दिवसांनी आजी परत आली आणि मला चोळीचा खण दिला. तो मी शिवला नाही, ठेवलाय.

माझ्यासोबतच्या आशाताईंना या कामाचे केंद्राकडून महिन्याला १००० रुपये मिळायचे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, आम्ही पेढे वाटले. पण ताई, देशाला आधी कोण सांगतं असं विचारलंत ना, ते ह्या हजार रुपयेवाल्या बायका सांगतात. त्यांचं मानधन वेळेवर द्यावं एवढीच विनंती.

कडुलिंब

खणाचं वाचून डोळे भरले. 🙏

सह्याद्री७२

@उपकेंद्र ताई, तुम्हाला दंडवत.

जुनी_वही

या धाग्यात १८९६ आल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण आपली सगळी साथयंत्रणा तिथून सुरू होते आणि तिच्या चुकाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. म्हणजे तेव्हाही आधी सांगणारा वस्तीतला डॉक्टरच होता. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, जेमतेम चार कलमांचा. सरकारला जे आवश्यक वाटेल ते करण्याचा अधिकार त्यात आहे. लोकांना माहिती देण्याचं बंधन त्यात कुठेही नाही. पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या अंमलात सोल्जर घरात शिरले, देवघरापर्यंत गेले. लोक आजारी माणसं लपवायला लागले. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्चला त्याच प्लेगने गेल्या. एकाच साथीला दोन प्रतिसाद. रोगी कोणाकडे स्वतःहून गेले असते हे सांगायला नको.

आणि मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन. जानेवारी १८९७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तयार केलेली प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था आजही त्यांच्या नावाने उभी आहे.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने हाच १८९७ चा कायदा लागू केला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला शिक्षेची तरतूद त्यात २०२० मध्ये आली, ते चांगलंच झालं. पण नजर कशी ठेवायची, माहिती कधी उघड करायची, हे सांगणारा नवा कायदा हवा.

सह्याद्री७२

माझी पणजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर पडला की त्याच दिवशी गाव बाहेर निघायचं. माळावर झोपड्या, गुरं सोबत, गावात दिवा नाही. कोणी हुकूम द्यायची वाट बघत नसे.

म्हणजे गोदाकाठ ताईंच्या प्रश्नाचं जुनं उत्तर: सगळ्यात आधी उंदीर सांगायचा. 🙂

डॉ_तालुका

@सह्याद्री७२, अगदी खरं. आणि गावाला त्या खुणेचा अर्थ माहीत होता, म्हणून ती उपयोगी पडायची. मृत उंदीर सापडणं ही प्लेगची धोक्याची सूचना आजही मानली जाते. तुमच्या पणजीबाईंचं सर्वेक्षण पक्कं होतं.

सोलमधून

दक्षिण कोरियात नऊ वर्षं आहे, म्हणून थोडं इथलं.

कोरोनात या देशाचं कौतुक झालं, पण ते २०१५ च्या चुकीवर उभं आहे. मध्यपूर्वेतून आलेल्या एका प्रवाशामुळे मर्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराची साथ आली. कोणत्या रुग्णालयात रुग्ण आहेत ते सरकारने सुरुवातीला सांगितलंच नाही. लोक त्याच रुग्णालयांत जात राहिले. १८६ जणांना लागण, ३८ मृत्यू. लोक भयंकर चिडले. त्यानंतर कायदा बदलला: साथीत माहिती उघड करणं बंधनकारक, आणि नव्या चाचणीला तातडीची मान्यता देण्याची सोय. म्हणून २७ जानेवारी २०२० ला, देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण असताना, सोल स्टेशनात चाचणी बनवणाऱ्या कंपन्यांची बैठक बोलावता आली. इथल्या रोग नियंत्रण संस्थेच्या प्रमुख जंग उन-क्यंग रोज दुपारी समोर यायच्या आणि माहीत नसेल ते "अजून माहीत नाही" असं सरळ सांगायच्या. आठवड्यागणिक त्यांचे केस पांढरे होत गेले, ते सगळ्या देशाने पाहिलं. माझी घरमालकीण त्या दिसल्या की टीव्हीचा आवाज वाढवायची. सप्टेंबर २०२० मध्ये त्या संस्थेला स्वतंत्र दर्जा दिला गेला.

निळी_छत्री

पाच कोटींचा देश आणि आपण, तुलना होत नाही.

सोलमधून

लोकसंख्येची होत नाही, मान्य. पण "अजून माहीत नाही" म्हणायला लोकसंख्या आड येत नाही.

लेस्टरवासी

इंग्लंडमध्ये नर्स आहे. ताईंच्या डॉक्टरांवरून सांगते. इथे काही ठरावीक फॅमिली डॉक्टरांकडून तापाचे, खोकल्याचे आठवड्याचे आकडे कित्येक दशकं जातायत. म्हणजे 'गावच्या डॉक्टरचं वाक्य वहीत उतरणं' इथे पूर्वीपासून होतं. तरीही १२ मार्च २०२० ला वस्तीतल्या रुग्णांच्या चाचण्या थांबवल्या, कारण तेवढी क्षमताच नव्हती. मग साथ मोजायची कशी? पुढे घरं चिठ्ठी काढल्यासारखी निवडून तिथे नियमित नमुने घ्यायला लागले, त्यातून खरा अंदाज आला. साथ चालू असतानाच सार्वजनिक आरोग्याची जुनी संस्था मोडायची घोषणा झाली आणि २०२१ मध्ये नवी आली. आम्ही वॉर्डात काम करणाऱ्यांनी तेव्हा कपाळाला हात लावला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेचं, सीडीसीचंही बघा, जगात नाव, पण फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचं पहिलं चाचणी किटच सदोष निघालं आणि मोलाचे आठवडे गेले. आकडे येणं पुरेसं नाही, आल्यावर हातपाय हलले पाहिजेत.

मुंबईकर_दादर

हातपाय हलण्यावरून: मुंबईत जून २०२० पासून बेडचं वाटप एका मध्यवर्ती नंबरवरून काढून २४ वॉर्डांच्या वॉररूमकडे दिलं. माझ्या सासऱ्यांसाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीला आमची गल्ली माहीत होती. तासाभरात फोन परत आला. निर्णय खाली आला की माणूस वाचतो.

आकडे_बोलतात

सगळं खरं, पण मृत्यूंचं कोणी बोलत नाहीये. २०२१ संपताना सरकारी आकडा सुमारे ४.८ लाख. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून भारतातले जादा मृत्यू, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त झालेले, सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज दिला. सरकारने ती पद्धतच अमान्य केली. वाद चालू राहील. पण गेलेली माणसं धड मोजली नाहीत तर पुढच्या साथीची तयारी कशाच्या आधारावर करणार?

पाषाणकर

@आकडे_बोलतात, कोणता अंदाज बरोबर यावर इथे भांडून उपयोग नाही, पण एक साधी गोष्ट हातात आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत. कारण काहीही असो, या आठवड्यात किती माणसं गेली एवढं जरी दर सोमवारी कोणी पाहिलं, तरी साथ दिसते. त्याला ना चाचणी लागते ना किट.

निळी_छत्री

मी एवढी तिखट का लिहिते ते सांगते. एप्रिल २०२१ मध्ये माझा भाऊ वहिनीसाठी प्लाझ्मा, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव, शोधत तीन दिवस वणवण फिरला. रांगेत त्यालाच लागण झाली. दोघे वाचले, देवाची कृपा. नंतर कळलं की प्लाझ्माने फायदा होत नाही हे आयसीएमआरच्याच अभ्यासात आधी दिसलं होतं. मग आम्हाला पळवलं का?

डॉ_तालुका

ताई, तुमचा राग रास्त आहे. तो अभ्यास ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर झाला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, निष्कर्ष स्पष्ट: मृत्यू कमी होत नाहीत. जगातल्या पहिल्या अशा अभ्यासांपैकी तो एक, आणि भर साथीत तो करून दाखवला याचा मला अभिमान आहे. पण उपचारांच्या नियमावलीतून प्लाझ्मा निघाला १७ मे २०२१ ला. मधले सात महिने डॉक्टर चिठ्ठ्या लिहीत राहिले आणि तुमच्या भावासारखी माणसं धावत राहिली. संशोधन वेळेत झालं, सांगणं वेळेत झालं नाही.

पाषाणकर

आता गोदाकाठ ताईंच्या पहिल्या प्रश्नाला तारखांनी उत्तर देतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, यवतमाळकडे आकडे चढायला लागले होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. विषाणूंच्या जनुकीय तपासणीसाठी डिसेंबर २०२० मध्येच प्रयोगशाळांचा गट स्थापन झाला होता, एनसीडीसी आणि एनआयव्ही दोघीही त्यात. २४ मार्च २०२१ ला आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत नवे बदल दिसतायत. ३१ मे रोजी त्याच कुळातल्या विषाणूला डेल्टा हे नाव मिळालं.

म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीच्या शेवटी चहा पिताना जे सांगितलं ते देशाने जवळजवळ महिन्याने ऐकलं. ते बरोबर होते, ताई.

कडुलिंब

हे वाचून थांबले थोडा वेळ.

निळी_छत्री

मग उपाय काय? फक्त हळहळायचं?

सह्याद्री७२

एक चांगलं उदाहरण देतो. जानेवारी २०२५, पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, खडकवासला पट्टा. हातपाय लुळे पडणाऱ्या जीबीएसचे रुग्ण वाढले. शहरातल्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांना हे नेहमीचं नाही हे दिसलं, त्यांनी कळवलं. एनआयव्हीने नमुने तपासले, काहींत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. केंद्राचं सात जणांचं पथक आलं. विहिरी, टँकर, खाजगी आरओ, सगळ्यांचं पाणी तपासलं. आमच्या सोसायटीत महापालिकेची मुलगी क्लोरीनची बाटली घेऊन दारात उभी होती, किती पाण्याला किती थेंब ते माझ्या आईला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. डॉक्टरने सांगितलं आणि कोणीतरी ऐकलं, की हे होतं.

डॉ_तालुका

गोदाकाठ ताई, एक काम करा. तुमच्या डॉक्टरांना विचारा, आठवड्यातून एकदा चार आकडे द्याल का: ताप, खोकला-धाप, जुलाब, आणि एकाच घरातले दोनपेक्षा जास्त किती. ते तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पोचवा. 'पी' फॉर्ममध्ये त्यांची दखल घेता येते. आणि अधिकाऱ्यांना सांगा, दर वेळी "मिळालं" एवढा तरी निरोप द्या. निरोपाशिवाय हे महिनाभरही टिकत नाही, अनुभवाने सांगतो.

उपकेंद्र

आणि ताई, तुमच्या गावच्या आशाताईला सोबत न्या. अधिकारी बदलतात, ती तिथेच असते.

गोदाकाठ

उशिरा लिहितेय, क्षमा असावी. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. पाषाणकरांच्या तारखा एका कागदावर उतरवून घेतल्या.

रविवारी डॉक्टरांकडे गेले. आता थकलेत, दवाखाना फक्त सकाळी उघडा असतो. धाग्यातलं सगळं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून आतून २०२१ ची डायरी घेऊन आले. फेब्रुवारीची पानं काढली. रोज पेशंटची संख्या आणि पुढे बारीक अक्षरात: "एका घरातले ४", "एका घरातले ५, लहान मूल धरून". सगळं लिहिलेलं होतं. म्हणाले, "मागायला कोणी आलं नाही गं."

काल आशाताई आणि मी आरोग्य केंद्रात जाऊन आलो. वैद्यकीय अधिकारी तरुण बाई आहेत, त्यांनी स्वतःचा नंबर दिला. शनिवारी संध्याकाळी मी डॉक्टरांकडून चिठ्ठी आणायची आणि फोटो पाठवायचा असं ठरलं.

आजची पहिली चिठ्ठी: ताप ११, खोकला-धाप ३, जुलाब ४, एकाच घरातले दोनपेक्षा जास्त: नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी पाठवली. सव्वासातला उत्तर आलं, "मिळालं. जुलाबाचे चारही एकाच गल्लीतले आहेत का विचारता का?"

बाबांच्या बाकड्यावर बसून डॉक्टरांना फोन लावलाय.

डॉ_तालुका

काय म्हणाले ते लिहा. गल्लीतला हातपंप कोणता तेही विचारा.